घरच्या संगणकासाठीं कोणती लिनक्स?

नगराहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहुरी मागें पडली कीं, कांहीं वेळानें प्रवरेचा पूल लागतो. तो लागला म्हणजे कोल्हार आलें असें समजावें. भगवतीदेवीच्या देवळामुळें या गांवाचें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. आमच्या मनांत मात्र तें आजोळ म्हणून घर करून बसलें आहे. आमच्या नानामामांच्या घरीं अजून अकरा माणसें एका चुलीवर जेवतात, आणि त्या अकरा माणसांत संगणक एकच. २०२५ सालच्या दिवाळींत आम्ही तेथें गेलों, तेव्हां या एका संगणकापायीं घरांत मोठा खल चाललेला होता. त्याची हकीकत येथें सांगण्याचें कारण असें कीं, तोच प्रश्न आज आमच्या कितीतरी वाचकांच्या घरीं उभा असेल.

प्रश्न असा होता. यंत्र २०१४ सालीं घेतलेलें. त्यावर विंडोज १० ही कार्यप्रणाली. तिची नित्याची सुरक्षा-दुरुस्ती निर्मात्यांनीं १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर थांबविली. जे मुदतवाढीची योजना पत्करतील त्यांस आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देऊं केलें. पुढची जी विंडोज ११, तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची व्यवस्था यंत्रांत असावी लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. २०१४ सालच्या यंत्रांत हें कोठून असणार?

दुरुस्ती थांबली म्हणजे यंत्र बंद पडलें असें नव्हे. तें पूर्वीप्रमाणेंच चालतें, आणि तेथेंच माणूस फसतो. दाराला कुलूप तर आहे. परंतु त्याची किल्ली चोरांस सांपडली, तर कुलूप बदलून देणारा आतां कोणी उरला नाहीं, अशी ही स्थिति होय. ज्या यंत्रावरून घरचे बँकेचे व्यवहार होतात, तें अशा कुलपाच्या भरंवशावर ठेवणें शहाणपणाचें नाहीं. तालुक्याच्या गांवच्या दुकानदारानें एका वाक्यांत निकाल दिला : “हें भंगारांत टाका आणि नवें घ्या.”

नानामामांस तें पटेना. नव्या यंत्राचा खर्च हें त्याचें अर्धें कारण. उरलेलें अर्धें निराळें होतें. मामा १९९८ सालीं शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झाले, आणि पुढचीं दहा वर्षें त्यांनीं आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत जमविण्यांत घालविलीं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या, माळ्यावरचीं जुनीं पत्रें चाळलीं, चार पिढ्यांतल्या लेकीसुनांचीं माहेरचीं नांवें एकेक पत्र लिहून मिळविलीं, आणि तें सगळें स्वतःच्या हातांनीं संगणकावर उतरविलें. तीनशें दहा पानें झालीं. छापणें मात्र राहून गेलें. आतां मामांचें वय पंचायशीं; डोळ्यांस फारसें दिसत नाहीं.

“अरे, यंत्र टाका म्हणतात,” ते आम्हांस म्हणाले, “पण त्यांतला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडेल, याची हमी कोण देतो? आणि नाहीं उघडला, तर मी काय पुन्हां दहा वर्षें बसणार आहें?”

लोणीस अभियांत्रिकी शिकणाऱ्या त्यांच्या नातीनें मग सुचविलें कीं, यंत्र न टाकतां त्यावर लिनक्स बसवावी. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते, आणि तिची दुरुस्ती नियमानें येत राहते. तें सर्वांस मानवलें. परंतु “कोणती लिनक्स?” असें विचारतांच त्याच मुलीनें शेंकडों नांवांची एक यादी पडद्यावर उघडली, आणि घर पुन्हां पेंचांत पडलें.

एक गाभा, अनेक प्रती

इतकीं नांवें कां, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ नांवाचा एक प्रकल्प जाहीर केला. संगणकाचे कार्यक्रम कोणासही वापरतां यावे, आंतून उघडून अभ्यासतां यावे, बदलतां यावे आणि दुसऱ्यास देतां यावे, हा त्याचा हेतु. १९९१ सालच्या ऑगस्टांत हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचें जाहीर केलें. त्यानें लिहिला तो प्रणालीचा गाभा. त्यासच कर्नल म्हणतात. १९९२ पासून तो गाभाही ग्नूच्याच परवान्याखालीं देण्यांत आला. त्या परवान्याची अट एवढीच कीं, बदल करून पुढें देणारानें, आपणांस मिळालेले हक्क पुढच्यासही द्यावे.

ही कल्पना आपणांस परकी वाटूं नये. ह्याच प्रवरेच्या कांठीं, कोल्हारच्या खालच्या अंगास, नेवासें आहे. तेथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढें सुमारें तीनशें वर्षें हातोहात तिच्या प्रती होत गेल्या, पाठ बदलत गेले. आणि शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. ग्रंथ एक, पण घरांत प्रत कोणाची ठेवावयाची, हा प्रश्न तेव्हांही होताच. लिनक्सचेंही तसेंच आहे. गाभा एक, त्याभोंवतीं लेखनाचे, हिशेबाचे, चित्रांचे, इंटरनेटचे कार्यक्रम रचून व त्यांची एकमेकांशीं सांगड घालून जो तयार संच देण्यांत येतो, त्यास ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हणतात. आपण त्यास ‘वितरण’ म्हणूं. गाभा कोणी लिहिला यापेक्षां, हा संच कोण सांभाळतो आणि तो किती वर्षें सांभाळणार आहे, हेंच घरच्या माणसास महत्त्वाचें.

मामांच्या समाधानासाठीं आम्हीं या गोतावळ्याची वंशावळ एका पाठकोऱ्या कागदावर मांडली. डेबियन ही थोरली शाखा. इयन मर्डॉक यांनीं ती १९९३ सालीं सुरू केली. आजही ती जगभरच्या स्वयंसेवकांच्या बळावर चालते. उबुंटू ही डेबियनची कन्या. मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी गृहस्थांच्या पुढाकारानें ती २००४ सालीं जन्मली. २००५ ते २०११ या काळांत मागणी नोंदविणारास तिच्या सीडी टपालानें फुकट येत. आमच्या कांहीं वाचकांच्या कपाटांत त्या अजून असतील. लिनक्स मिंट ही उबुंटूची कन्या, म्हणून डेबियनची नात. ती २००६ सालची. आपल्या देशांतलें ‘बॉस’ हें वितरण सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं पुढें आणलें. तेंही डेबियनच्याच घराण्यांतलें, आणि त्यांत भारतीय भाषांकडे विशेष लक्ष पुरविलेलें. फेडोरा हें घराणें निराळें. रेड हॅट या कंपनीच्या आश्रयानें २००३ पासून चालत आलेलें. आर्च हें आणखी निराळें, २००२ सालचें. तें स्वतःच्या हातांनीं सर्व जुळवूं इच्छिणारांचें आवडतें. शेंकडों नांवें दिसतात खरीं. परंतु त्यांतलीं बरीचशीं या चार-पांच घराण्यांच्या लेकीबाळी होत.

कागद पाहून मामा म्हणाले, “म्हणजे नांवांत अडकूं नये, मूळ पुरुष पाहावा.”

तीन गोष्टी आधीं पाहाव्या

नांवांची भीति गेल्यावर आम्हीं तीन प्रश्न काढले. ते कोणत्याही घरास लागू पडतील.

पहिला प्रश्न मुदतीचा. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ति दर दोन वर्षांनीं एप्रिलांत निघते, आणि तिची दुरुस्ती पांच वर्षें मिळते. एप्रिल २०२४ मध्यें निघालेल्या २४.०४ या आवृत्तीची मुदत २०२९ पर्यंत आहे. तिच्यावर आधारलेली मिंट २२ जुलै २०२४ मध्यें आली. तिचीही मुदत २०२९ पर्यंतच. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्यें निघाली. तिला तीन वर्षें पूर्ण आणि पुढें दोन वर्षें दीर्घ मुदतीची, अशी पांच वर्षें दुरुस्ती आहे. फेडोराची नवी आवृत्ति सुमारें दर सहा महिन्यांनीं येते, आणि प्रत्येक आवृत्ति जवळजवळ तेराच महिने सांभाळली जाते. आर्चला तर आवृत्तीच नाहींत. ती वाहत्या पाण्यासारखी अखंड बदलत असते, आणि मालकानें त्या बदलांवर सतत नजर ठेवावी अशी तिची अपेक्षा असते. नवेपणाची हौस असेल त्यास हें सुखाचें. परंतु ज्या घरीं संगणक हा पाट्यावरवंट्यासारखा नित्याच्या कामाचा आहे, तेथें लांब मुदतच बरी.

दुसरा प्रश्न यंत्राच्या ताकदीचा. आपल्या यंत्राची स्मृति, म्हणजे रॅम, किती आहे हें प्रथम पाहावें. मिंटचे कर्ते निदान दोन जीबी, आणि सुखानें चालावयास चार जीबी सांगतात. मिंट तीन रूपांत मिळते : सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. मिंट म्हणजे पुदिना आणि सिनॅमन म्हणजे दालचिनी, हें ऐकून आमच्या मामी म्हणाल्या, “मग यांत चहा कोणता?” योगायोग असा कीं, माटे हें दक्षिण अमेरिकेंतल्या चहासारख्या एका पेयाचेंच नांव आहे. यांत दालचिनी सर्वांत नटलेली, एक्सएफसीई सर्वांत हलकी. जुन्या यंत्रास शेवटचीच मानवते. यंत्र फारच जुनें, म्हणजे ३२ बिटांचें असेल तर मात्र निवड आकुंचित होते. उबुंटू व मिंट यांच्या हल्लींच्या आवृत्त्या त्यावर बसत नाहींत, आणि डेबियननेंही १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रावर नव्यानें बसविण्याची सोय काढून टाकली आहे.

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतों. दहा वर्षांच्या यंत्राचा मंदपणा पुष्कळदां त्याच्या फिरत्या चकतीच्या डिस्कमुळें असतो. ती काढून एसएसडी बसविली, तर जो फरक पडतो तो एका वितरणाऐवजीं दुसरें घेऊन पडत नाहीं. शिवाय जुनी डिस्क जशीच्या तशी कपाटांत ठेवतां येते, हा लाभ निराळाच.

तिसरा प्रश्न मराठीचा. १९९१ सालीं टोर्व्हाल्ड्स यांनीं आपला गाभा जाहीर केला, त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि त्याच वर्षीं भारतीय मानक संस्थेनें भारतीय लिप्यांसाठीं जें मानक केलें त्यांत इनस्क्रिप्ट कळफलकही घातला. आज प्रमुख वितरणांपैकीं कोणतेंही घ्या. त्यांत देवनागरी वाचतां येते, आणि इनस्क्रिप्टनें किंवा उच्चाराप्रमाणें लिहितां येते. पैसे मोजून वेगळें कांहीं घ्यावें लागत नाहीं. रेड हॅटनें भारतीय लिप्यांसाठीं दिलेले खुले फाँट ‘लोहित’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. कंपनीचें नांव तांबड्या टोपीचें, म्हणून फाँट लोहित. लिब्रेऑफिस हा लेखनाचा व हिशेबाचा संचही मराठींतून वापरतां येतो.

पुतणीचा प्रश्न

लिनक्सची एक मोठी सोय अशी कीं, ती बसविण्यापूर्वीं चालवून पाहतां येते. वितरणाची फाइल इंटरनेटवरून उतरवून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी, आणि यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावें. आंतल्या डिस्कला हात लागत नाहीं. आम्हीं असे तीन पेनड्राइव्ह तयार केले : उबुंटू, फेडोरा आणि मिंट एक्सएफसीई. प्रत्येकावर वाय-फाय लागते कीं नाहीं, आवाज येतो कीं नाहीं, कॅमेरा चालतो कीं नाहीं, आणि घरच्या जुन्या प्रिंटरवर देवनागरी पान नीट उमटतें कीं नाहीं, हें ओळीनें पाहिलें. उबुंटू देखणी होती. परंतु चार जीबींत तिचा जीव गुदमरूं लागला. उरल्या फेडोरा आणि मिंट.

आमचा ओढा फेडोराकडे होता, हें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. पुण्यास आम्ही तीच वापरतों. तिची टापटीप आम्हांस आवडते. जेवणें झाल्यावर आम्हीं तिच्या बाजूनें चांगलें अर्धा तास भाषण केलें. तें ऐकून घेऊन मामांच्या नातीनें शांतपणें विचारलें, “काका, तुम्ही परवां पुण्यास जाल. तेरा महिन्यांनीं आवृत्ति बदलावयास कोण येणार?”

“तूं आहेस कीं,” आम्ही म्हणालों.

“मी दोन वर्षांनीं नोकरीसाठीं बाहेर पडेन. बाबा दिवसभर दुकानांत. आजोबांना दिसत नाहीं. मग उरलें कोण? धाकटी काकू. वीजबिल, गॅस, विमा, सगळें तीच बघते. पण आपण सकाळपासून सगळ्यांना विचारलें, आणि तिला कोणीं विचारलें?”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. घरांतला संगणक जिच्या हातांत राहावयाचा, ती या वेळीं आंत ताटें आवरीत होती, आणि बाहेर आम्ही पुरुषमंडळी तिच्या वतीनें निवड करीत होतों. धाकट्या वहिनींस बाहेर बोलाविलें. त्यांनीं हात पुसले, खुर्ची ओढून घेतली, आणि दोन्ही पेनड्राइव्ह आलटून पालटून अर्धा-अर्धा तास चालवून पाहिले. आम्ही मध्येंच सांगूं लागलों कीं, “थांबा हो, मला सांपडूं द्या,” असें म्हणत. शेवटीं त्यांनीं मिंट निवडली. कारणें दोन दिलीं. एक, सगळ्या कामांची यादी डाव्या कोपऱ्यांत, जेथें हाताला संवय आहे तेथेंच आहे. दुसरें, खालीं एक ढालीचें चित्र आहे. दुरुस्ती आली कीं त्यावर ठिपका दिसतो, दाबला कीं काम होतें. “तेवढें मला कोणाला न विचारतां करतां येईल,” त्या म्हणाल्या.

आमच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाहून या एका वाक्यांत अधिक विचार होता. वितरण कोणतें उत्तम, असा प्रश्न आम्ही विचारीत होतों. खरा प्रश्न, घरांत राहणाऱ्या माणसास कोणतें सांभाळतां येईल, हा होता.

मोठमोठ्या संस्थांसही हा धडा चुकला नाहीं. जर्मनींतल्या म्यूनिक शहराच्या नगरपालिकेनें २००३ सालीं लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला, हजारों संगणक बदलले, आणि २०१७ सालीं पुन्हां विंडोजकडे परतण्याचें ठरविलें. उलट केरळांत, २००१ सालीं सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ या उपक्रमानें शाळांसाठीं उबुंटूवर आधारलेला संच मल्याळम भाषेच्या सोयींसह करून घेतला, शिक्षकांस तो सांभाळावयास शिकविलें, आणि तेथील सरकारी शाळांत तो रुळला. आमच्या कोल्हारकरांस हें समजावयास लांब जाण्याची गरज नाहीं. जवळच लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. भाग विकत घेऊन सभासद होणें एका दिवसाचें काम. पुढें तो कारखाना वर्षानुवर्षें चालविणें हें खरें काम. फुकट मिळणाऱ्या प्रणालीचेंही असेंच आहे. तिला किंमत पडत नाहीं. परंतु निगा पडते.

कुलवृत्तांत उघडला तेव्हां

दुसऱ्या दिवशीं आम्हीं काम सुरू केलें. आधीं सर्व मजकुराच्या दोन प्रती दोन ठिकाणीं करून घेतल्या. मग यंत्रांत नवी एसएसडी घातली, जुनी डिस्क कापडांत गुंडाळून मामांच्या पेटींत ठेवली, आणि मिंट बसविली. तासाभराच्या आंत सर्व झालें. मामी अमेरिकेंतल्या लेकीशीं बोलल्या, मुलांनीं गाणीं लावलीं, प्रिंटरनें पान काढलें. त्याचा छायाप्रत काढण्याचा भाग चालू करावयास मात्र जोडीचा एक कार्यक्रम शोधून बसवावा लागला.

मग मामा जवळ येऊन बसले, आणि आम्हीं कुलवृत्तांताची फाइल उघडली. पडद्यावर मराठीचें एक अक्षर नाहीं! इंग्रजी अक्षरें, अवतरणचिन्हें, कंस आणि प्रश्नचिन्हें यांची तीनशें दहा पानें. मामांस नीट दिसत नव्हतें. पण आमच्या गप्प बसण्यावरून ते समजले. “गेलें ना?” एवढेंच ते म्हणाले.

गेलें नव्हतें. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी लिहिण्याचे जे फाँट असत, त्यांत खरोखर मराठी अक्षरें साठविलीं जात नसत. आंत इंग्रजी अक्षरांचेच अंक, आणि वर त्यांस देवनागरीचा मुखवटा. मुखवटा काढला कीं खालचें उघडें पडतें. म्हणजे दोष लिनक्सचा नव्हता. तो फाँट नसता तर नव्या कोऱ्या विंडोजवरही हेंच दिसलें असतें. मामांनीं पूर्वीं विकत घेतलेल्या त्या फाँटची फाइल जुन्या डिस्कवर होती. ती तेथून आणून नव्या प्रणालींत बसवितांच पानें पुन्हां मराठी झालीं. नातीनें पहिलीं चार वाक्यें मोठ्यानें वाचलीं, तेव्हां मामांनीं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

परंतु मुखवट्यावर विसंबून आणखी वीस वर्षें काढतां येणार नाहींत. मजकूर युनिकोडमध्यें आणलाच पाहिजे. अशा रूपांतराचे कार्यक्रम मिळतात. त्यांनीं नव्वद टक्के काम केलें असें दिसलें, आणि उरलेल्या दहा टक्क्यांनीं आम्हांस बसविलें. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढें सरकलेली. रफार भलत्याच डोक्यावर. आणि आपल्या मराठीचा जो विशेष, तो ऱ्ह व ऱ्य यांतला अर्धा र, तर बहुतेक ठिकाणीं नाहींसा. राहात्याकडचें कोऱ्हाळें तेवढें ‘कोर्हाळें’ झालें, वऱ्हाडांतल्या सुना ‘वर्हाडां’तल्या झाल्या. यंत्रास यांतला फरक कळत नाहीं. तो माणसानेंच वाचून काढावा लागतो. म्हणून आतां त्या घरीं रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर पाठशुद्धि चालते. नात किंवा धाकट्या वहिनी मोठ्यानें वाचतात, मामा ऐकतात, आणि चुकलें कीं आठवणीनें सांगतात. चुकलेलें तेथेंच इनस्क्रिप्टनें सुधारतात. दिवसाला चार-पांच पानें होतात.

ज्यांच्या घरीं असा जुना मजकूर पडून आहे, त्यांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, प्रणाली कोणतीही घ्या, पण जुना फाँट आणि जुनी डिस्क हीं हातचीं जाऊं देऊं नका. आणि ज्यानें तो मजकूर लिहिला तो ऐकावयास आहे तोंच हें काम उरकून घ्या.

जें जमत नाहीं तें

एक बाजू सांगून दुसरी झांकणें योग्य नव्हे. दुकानाचा जमाखर्च ज्या टॅलींत चालतो, ती विंडोजसाठींच बनविलेली आहे. तिच्या वांचून थोरल्या दादांचें चालत नाहीं. म्हणून दुकानांतलें नवें यंत्र विंडोजवरच राहिलें, आणि तेंच बरें झालें. सगळें एकाच प्रणालींत कोंबण्याचा हट्ट धरूं नये. तसेंच, २००१ पासून आपल्या राज्यांत एमएस-सीआयटीच्या वर्गांतून जे शिकले, त्यांचा हात विंडोजला बसलेला आहे. नव्या ठिकाणीं पहिले पंधरा दिवस अडखळणें आलेंच. मामींस यंत्र बंद करण्याची कळ सांपडावयास दोन दिवस लागले. पुढें मात्र त्यांनीं तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं.

तेव्हां निवड करणाराच्या सोयीसाठीं सार सांगतों. चार जीबींचें जुनें यंत्र आणि नित्याचें घरकाम असेल, तर मिंट, तीही एक्सएफसीई रूपांतली. यंत्र बरें असेल तर मिंटची दालचिनी किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ति. फार बदल नकोत आणि घरांत थोडें जाणणारें कोणी असेल, तर डेबियन. घरांत शिकणारा उत्साही तरुण असेल आणि यंत्र त्याचें एकट्याचें असेल, तर त्यानें फेडोरा किंवा आर्च खुशाल घ्यावी. परंतु आजोबांच्या यंत्रावर आपली हौस फेडूं नये. ही शेवटची सूचना आम्हीं प्रथम आम्हांसच केली आहे.

निघण्याच्या दिवशीं धाकट्या वहिनींनीं घरची वही पुढें ओढली. त्या वहींत कौलें केव्हां चाळावयाचीं, विम्याचा हप्ता केव्हां, विहिरीची मोटर केव्हां उघडावयाची, हें सालवार मांडलेलें असतें. २०२९ सालचें पान काढून त्यांनीं एप्रिलच्या समोर लिहिलें : “संगणकाची प्रणाली बदलणें. त्यापूर्वीं दोन प्रती करणें.” मग आम्हांस विचारलें, “एवढेंच ना?”

एवढेंच. पुण्यास परत आल्यावर आमच्या स्वतःच्या घरीं असें एखादें पान आहे काय, हें आम्हीं शोधून पाहिलें. नव्हतें, तें आतां केलें आहे.